पिवळा ठिपका

आमच्या दवाखान्यात लस टोचणाऱ्या बाईंना सगळे ठिपकेबाई म्हणत. हे नाव मीच पाडलं. औषधांच्या खिडकीत दिवसभर बसलं की माणसाला असले उद्योग सुचतात. बाई आधी रागावल्या, मग त्या नावाने हाक मारली तरी 'ओ' द्यायला लागल्या.

त्याआधी दर मंगळवारी लशीचा डबा उघडायचा आणि अर्ध्या बाटल्या तशाच परत जायच्या. बाई गल्ल्या पालथ्या घालायच्या, घसा कोरडा करायच्या. आया माना डोलवायच्या आणि येत मात्र नसत. मग मुख्य कार्यालयातून एक चष्मेवाले साहेब आले, माणसं कशी वागतात याचा अभ्यास केलेले. मी मनात म्हटलं, झालं, आता हे शिकवणार! पण साहेब दोन दिवस मुकाट्याने बाईंच्या मागे फिरले आणि म्हणाले, "लोक नाही म्हणत नाहीत हो. उद्या म्हणतात. त्यांना समजावत बसू नका, शेजारचं दार दाखवा."

म्हणजे ज्या घरातल्या मुलाला लस दिली, त्या दारावर बशीएवढा पिवळा ठिपका चिकटवायचा. बस्स. पाच-सहा दारं पिवळी झाली की सातव्या दारातल्या बाईला चैन पडेना. "आमचंच दार कोरं का?" म्हणत ती पोराला काखोटीला मारून हजर. चार महिन्यांत बाटल्या कमी पडायला लागल्या. घरोघर फिरणाऱ्या मदतनीस बाईचंही काम हलकं झालं. ठिपका दिसला की ती पुढच्या दाराकडे वळायची.

शेवटी बाईंच्या स्वतःच्याच गल्लीत एक दार कोरं राहिलं, आणि ते होतं त्यांच्या धाकट्या बहिणीचं. तिची मुलगी वर्षाची, मावशीचा जीव की प्राण. नुकती चालायला शिकलेली. मावशीबरोबर आली की माझ्या खिडकीखाली टाचा उंचावून रिकामी डबी मागायची. डबी वाजवून स्वतःच खुदखुदायची. धाकटीचा लशीला विरोध नव्हता. आज सर्दी आहे, उद्या पाहुणे आहेत, असं चाललं होतं. पण गल्लीतल्या बायका टोमणे मारायला लागल्या, "आम्हाला शहाणपण शिकवता, आणि सख्ख्या बहिणीचं काय?" ते बाईंना फार लागलं. एका सोमवारी संध्याकाळी धाकटी म्हणाली, "ताई, उद्या नक्की आणते. तुझी शपथ." बाईंनी पिशवीतून ठिपका काढला आणि तिच्या दाराला लावून टाकला. एका दिवसाचा तर प्रश्न होता.

मंगळवारी धाकटी आली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. ठिपका लागल्यावर तिला कुणी टोकेना, आणि कुणी टोकत नाही म्हटल्यावर तिलाही घाई वाटेना. मदतनीस ठिपका बघून पुढे जायची. बाईंच्या पुढ्यात एवढी रांग, की त्यांच्याही डोक्यातून निसटलं. हे त्यांनीच मला सांगितलं, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

गोवराची साथ आली, तेव्हा त्या गल्लीत एकच मूल आजारी पडलं. मोठ्या इस्पितळात नऊ दिवस होतं. दहाव्या दिवशी धाकटी आणि तिचा नवरा रिकाम्या हातांनी परत आले.

राग कुणावर काढावा तेच मला कळेना. धाकटीवर काढावा तर तिच्याकडे बघवत नव्हतं. ठिपकेबाई हे नाव मात्र मी त्या दिवसापासून तोंडातून काढलं नाही. मलाच त्याची लाज वाटायला लागली.

आणि पुढच्या मंगळवारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. वर्षभर उद्या-उद्या करणाऱ्या आया दार उघडायच्या आधीपासून उभ्या. बाईंनी एकेका मुलाला टोचलं, खाली मान घालून. महिनाअखेरीस मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. ठिपक्यांमुळे लसीकरण वाढलं, अभिनंदन! बाईंनी त्याच पत्राच्या मागे काय घडलं ते लिहिलं, 'चूक माझी' म्हणून सही केली आणि परत पाठवलं. उत्तर आलं नाही. साहेब मात्र एकदा स्वतः येऊन बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

एका दुपारी बाई मला म्हणाल्या, "चला जरा माझ्याबरोबर. एकटीने नाही जमायचं." मी कोमट पाण्याचं भांडं धरलं, त्यांनी फडकं घेतलं. धाकटीच्या दारावरचा ठिपका त्या नखाने खरवडायला लागल्या. आवाज ऐकून धाकटी बाहेर आली. तिने ताईचं मनगट धरलं.

"राहू दे, ताई," ती म्हणाली. "मला तो आतून दिसत नाही. तुला जाता-येता दिसू दे."

बाईंनी फडकं पिळून भांड्यावर टाकलं.

दवाखान्यात यायला त्यांना मागून दुसरा रस्ता आहे, जवळचाही आहे. पण बाई रोज त्या दारावरूनच येतात.