तेवीस जत्रांचे बोकड

नववी ब. फळ्यावर काटकोन त्रिकोण. कर्णाचा वर्ग निम्मा लिहून झालेला, हातात खडू. दारात साहेबांचा ड्रायव्हर येऊन उभा राहिला. चौकटीला खांदा लावून, जणू शाळा त्याच्याच सासऱ्यानं बांधली होती.

"मास्तर, चला. बोकडं बघायचीत."

"तास चालू हाय," मी म्हणालो.

"त्रिकोण काय पळून जातोय व्हय? सायेब म्हणलं, शाळंत धनगराचा मास्तर हाय, मग बाजारात दुसरा माणूस कशाला धाडायचा?"

पोरं हसली. पटावर साठ होती, मला सहाशे ऐकू आली. मी खडू खिशात घातला आणि जीपमध्ये बसलो.

कडेगाव तालुक्यातलं उसाचं गाव. साहेब म्हणजे आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. त्यांचा ऊस एवढा की आत शिरलेलं कुत्रं म्हातारं होऊन बाहेर पडायचं. गावची जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी त्यांच्या मळ्यावर मटणाचं जेवण. जेवायला आख्खा तालुका, राबायला आमची शाळा. शिक्षकांच्या कामांची यादी स्टाफरूममध्ये लागायची. जातीचा शब्दही त्यात नसायचा. पण सुतार सरांकडे मांडव, माळी मॅडमकडे हारतुरे, माझ्याकडे बोकड. साहेबांच्या भावकीतले सर कडक इस्त्रीत फाटकाशी उभे. पाहुण्यांना नमस्कार करणं, एवढंच त्यांचं काम.

खरं सांगतो, पहिल्या वर्षी मला राग आलाच नाही. उलट छाती फुगली. साहेबांना माझी आठवण झाली! मी अजून कायम झालो नव्हतो, तीन महिन्यांची नोकरी. बाजारात पाठीवरून हात फिरवून, दात बघून मी असे बोकड निवडले की जेवून उठलेले पाहुणे आठवडाभर बोटं चाटत होते. साहेबांनी सगळ्यांसमोर हाक मारली, "मास्तरला एक मुंडी द्या रं!"

ती मुंडी पिशवीत घालून मी माण तालुक्यात, घरी नेली. आमचे आप्पा जन्मभर मेंढरांमागं फिरलेले. माझ्या शिक्षणापायी त्यांनी निम्मा कळप विकला होता. त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं.

"आरं, बकरीच बघायची हुती तर माझ्यामागं आला असतास की. ते बीएड कशापायी केलंस?"

त्या दिवसापासून लाज सुरू झाली. लाजेचा राग व्हायला दोन वर्षं लागली. साहेबांवर तो काढायची टाप नव्हती, म्हणून पोरांच्या तळहातावर काढला. बाजारातून आलो की पहिली छडी शोधायचो. पाढा चुकला, सटकन. धनगरांच्या पोरांना दोन जास्त. का, ते मला तेव्हा कळत नव्हतं. कळत नव्हतं असं म्हणणं सोयीचं आहे.

दहा-बारा वर्षांनी राग जिरला. आणि मग सगळ्यात घाण गोष्ट झाली. मला मजा यायला लागली. स्टाफरूममध्ये मी किस्से रंगवायचो. "मी बाजारात शिरलो की बोकडं रांगेत उभी राहून हजेरी देतात. एक तर 'उपस्थित गुरुजी' म्हणालं, त्याला मी सोडून दिलं." सगळे हसायचे, सगळ्यात मोठ्यानं मी. माझं हसू म्हणे बसस्टॉपवर ऐकू जायचं. माझी थट्टा करायला मी दुसऱ्या कुणाला काही शिल्लकच ठेवत नव्हतो.

चोविसावी जत्रा आली. मुख्याध्यापक मे महिन्यात निवृत्त होणार होते. सेवाज्येष्ठतेत पहिलं नाव माझं, पण सही साहेबांची. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"औंदा यादी तुमीच करा, मास्तर. खुर्चीची सवय हुईल."

केली की! दोन रंगांच्या पेनांनी, पट्टीनं रेघा मारून. फार डोकं लावावं लागलं नाही. हात आपोआप चालला.

त्या वर्षी वाईच्या एक मॅडम नव्यानं लागल्या होत्या. विज्ञान शिकवायच्या. दोरा आणि भिंगरी घेऊन वर्गात असं काही करायच्या की पोरं मधल्या सुट्टीतसुद्धा उठायची नाहीत. जातीनं परीट. यादीत त्यांच्या नावापुढं मी लिहिलं होतं: टेबलांची कापडं व खुर्च्यांची कव्हरं, धुणे आणि इस्त्री.

मॅडम यादीपुढं उभ्या राहिल्या. मी चहा पीत होतो.

"सर, हे अक्षर तुमचं ना?"

"व्हय. चांगलं हाय न्हवं?"

"फळ्यावर असतं तसंच आहे." त्या वळल्या. "तुम्हाला पहिल्या वर्षी कसं वाटलं होतं, सर?"

आवाजात राग नव्हता. पेशंटला विचारावं तसं विचारलं. ओठांवर किस्सा तयार होता, हजेरी देणाऱ्या बोकडाचा. तो चहाच्या घोटाबरोबर गिळला. मी म्हणालो, "सवय हुऊन जाती, मॅडम."

"त्याच्या आधीचं विचारत होते," त्या म्हणाल्या आणि तासाला गेल्या.

त्यानंतर मला बूड टेकवेना. वर्गात बसलो की उठायचो, उभा राहिलो की चालायचो. मैदानाला इतक्या चकरा मारल्या की शिपाई म्हणाला, "सर, डॉक्टरनं साखर सांगितली काय?" आप्पा तर कधीच गेले होते. त्यांचा प्रश्न मात्र माझ्यासोबत चालत होता. साहेबांनी मला बोकडाचा मास्तर केलं, हे मला पाठ होतं. पण मॅडमना परीट मी केलं होतं. साहेब तिथं नव्हतेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन यादी काढली. फाडली.

तिसऱ्या तासाला ड्रायव्हर आला. तोच. केस पांढरे झालेले, खांदा तसाच चौकटीला. पुन्हा नववी ब.

"मास्तर, चला."

"तास चालू हाय."

"त्रिकोण काय पळून जातोय व्हय?"

"मागं एकदा पळाला हुता गड्या. तेवीस वर्षं झाली, अजून घावला न्हाई. तू जा."

पोरं हसली. या वेळी साठच ऐकू आली.

दुपारी साहेब स्वतः आले. ऑफिसात मुख्याध्यापक भिंतीला चिकटून उभे.

"मास्तर, मे महिन्यात खुर्ची रिकामी व्हतीय. ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय."

"मग?"

"ती कुणाला द्यायची ते तुमी बघा, साहेब. बोकड मी बघणार न्हाई. आन् यादीबी करणार न्हाई."

मी ऑफिसातून निघालो आणि तासाला गेलो.

खुर्ची भावकीतल्या सरांना मिळाली, फाटकाशी नमस्कार करणाऱ्या. माझी बदली संस्थेच्या शिरवळच्या शाखेत. मॅडमनी कापडं धुतली नाहीत. त्यांना अजून कायम केलेलं नाही. आणि ज्या पोरांचे तळहात मी सुजवले, ती आता बाप्ये झालीत. एखादा एसटीत भेटला की "नमस्कार सर" म्हणून जागा देतो. मी बसत नाही. शिरवळपर्यंत उभा जातो.

इथं हजर झालो त्या पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये यादी लागली. संस्थेचा वर्धापनदिन. माझ्या नावापुढं: मांसाहार व्यवस्था. कडेगावहून माझ्याआधी माझी जात येऊन पोचली होती.

खिशात पेपर तपासायचं लाल पेन होतं. मी वरपासून खालपर्यंत यादी तपासली, प्रत्येक नाव. माझी एकट्याची ओळ खोडली नाही. आख्ख्या कागदावर फुली मारली, शून्य गुण दिले आणि खाली पूर्ण नावानं सही केली.

निवृत्तीला सहा वर्षं आहेत. यादी दरवर्षी लागेल. मी दरवर्षी तपासणार.