हळदकुंकू लावलेली सुई

चिखलीच्या धान्यबाजारात दसऱ्याला काट्याची पूजा होते. हमालांचे लोखंडी आकडे, वजनं, पोती शिवायचे दाभण, सगळं पाटावर मांडून त्यावर हळदकुंकू वाहतात. भगवानराव आडत्यांच्या दुकानात त्या पाटावर आणखी एक वस्तू असते. दयाराम कंपाउंडरची काचेची पिचकारी, सुईसकट. पूजा झाली की हमाल रांगेनं बसतात, बाह्या वर करतात आणि दयाराम त्याच सुईनं सगळ्यांना ताकदीचं इंजेक्शन देतो. भगवानरावांचा हा धर्मादाय. पुढे ज्वारीचा हंगाम, पाठीवर क्विंटलाची पोती, म्हणून ही माया. एका दंडातून दुसऱ्या दंडात जाताना सुई स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची. उकळायची मात्र नाही. पुजलेल्या वस्तूचं हळदकुंकू धुणं अशुभ!

हे वाचून कुणाला गंमत वाटत असेल तर त्यानं एकदा अंबूबाईच्या घरी येऊन बसावं.

अंबूबाई माझी शेजारीण, भिंतीला भिंत. बाजारात सांडलेलं धान्य गोळा करून चाळायचं, खडे-माती काढायची, हे तिचं काम. लग्न होऊन डोणगावहून आली तेव्हापासून चाळणी तिच्या हातात आहे. तिचा नवरा तुळशीराम भगवानरावांकडे हमाल होता आणि दरवर्षी त्या रांगेत बसायचा. एका वर्षी दसरा होऊन संक्रांत आली आणि त्याचे डोळे पिवळे झाले. रांगेतल्या आणखी दोघांचेही झाले. नळाच्या पाण्यानं झालं असेल, असं ठरलं. कावीळ उतरवणाऱ्यानं तुळशीरामाचे हात चुन्याच्या निवळीत धुतले, पाणी पिवळं झालं, आणि कावीळ उतरली म्हणून अंबूबाईनं गल्लीत गूळ वाटला. डोळे खरंच पांढरे झाले. तो पुन्हा पोती उचलू लागला.

उतरली नव्हती. आत जाऊन बसली होती. बऱ्याच वर्षांनी त्याचे हातपाय काडीसारखे झाले आणि पोट तेवढं नगाऱ्यासारखं फुगलं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, यकृतात कॅन्सरची गाठ आहे. एका जातीची कावीळ वरून बरी दिसते, पण काहींच्या रक्तात ती राहते आणि वर्षानुवर्षं यकृत पोखरते. ती रक्तातून पसरते. यांना बहुतेक सुईतूनच लागली. मग त्यांनी अंबूबाईचं आणि तिच्या मुलाचं, कचरूचं, रक्त तपासलं. दोघांचंही चांगलं निघालं. "हिच्यावर लस निघालीय, पण ती इथवर यायला वेळ लागेल," डॉक्टर म्हणाले. "तोवर या पोराला न उकळलेली सुई लागू देऊ नका."

तुळशीराम गेला. त्याचा आकडा कचरूनं उचलला. चोवीस वर्षांचा गडी, बापाच्याच जागी, बापाच्याच दुकानी. म्हणजे बापाच्याच रांगेत.

पंच्याऐंशीचा दसरा आला तेव्हा अंबूबाई माझ्याकडे स्टोव्ह मागायला आली. मी विचारलं, कशाला? "सुई शिजवतो," ती म्हणाली. मी तिच्याबरोबर गेले.

बाजारात पूजा आटोपली होती. कचरू रांगेत बाही गुंडाळून बसला होता. अंबूबाईनं दुकानाच्या पायरीवर स्टोव्ह मांडला, पातेल्यात पाणी ठेवलं.

"काय अंबूबाई, आज च्या पाजतं काय सगळ्याईले?" एक हमाल म्हणाला. सगळे हसले.

"सुई दे, दयारामभाऊ. उकळून देतो."

"अवं, पूजा झाली तिची. अन् मी पुसतोच ना स्पिरिटनं."

"माह्या मानसाच्या येळीबी पुसलीच होती."

भगवानराव गादीवरून म्हणाले, "बाई, सणासुदीचं हे काय लावलं? तुळशीरामचं नशीब होतं ते. सुईनं कुठं कॅन्सर होतो?"

"डाक्टरनं सांगतलं, मालक."

"डॉक्टर काय, सतरा सांगतात."

कचरूची मान खाली. "आई, घरी जाय. लोक हासून राह्यले."

"हासू दे. तू आंधी बाही खाली कर."

त्यानं केली नाही. दयाराम औषधाची बाटली फोडायला वळला, तेवढ्यात अंबूबाईनं पाटावरची पिचकारी उचलली आणि उकळत्या पाण्यात सोडली. गार काच, उकळतं पाणी. टचकन तडकली.

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. दसऱ्याच्या दिवशी पुजलेली वस्तू फुटली! भगवानरावांनी तिला उद्यापासून बाजारात पाय ठेवू नको म्हणून बजावलं. हमाल म्हणाले, आमची फुकटची ताकद घालवली. तुळशीरामाबरोबर ज्या दोघांना कावीळ झाली होती, त्यांतला एक तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. तोही त्याच रांगेत होता, दंड उघडा टाकून. त्याचं रक्त कुणी कधी तपासलेलं नाही. त्याच्यामागे बसलेल्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. लाखोंची उलाढाल करणाऱ्या या बाजारात पाणी उकळायला कुणाला सवड नाही, आणि ज्या बाईनं ते उकळलं तिची चाळणी बंद! संताप होतो माझा. माझ्या पोरींना ताप आला तर या गल्लीत हाच दयाराम आहे आणि हीच त्याची पुसण्याची रीत.

दिवाळीआधी दयारामनं खामगावहून नवी पिचकारी आणली. रांग पुन्हा बसली. अंबूबाईला बाजारबंदी, कचरू तिच्याशी बोलत नव्हता. त्या दिवशी मी तिच्याकडेच होते. ती चुलीपुढे भाकरी थापत होती, पण तिसरी भाकरी करपली तरी तिला कळलं नाही. कचरू आला. हातपाय धुऊन ताटावर बसला.

"घेतली?" तिनं विचारलं.

"नाई. उठून आलो." मग चिडून म्हणाला, "मायच्या पदराआड लपतं काय बे, असं इचारून राह्यले मले."

अंबूबाईनं डोळ्यांना पदर लावला. लगेच काढला.

"अन् बाकीच्याईनं?"

"घेतली."

"उकळली व्हती?"

"पुसली."

तिनं पिठाचे हात तसेच लुगड्याला पुसले आणि उठली.

"आता कुठं चालली?" कचरू म्हणाला.

"त्याईच्या मायाईले सांगाले," ती म्हणाली. "वाढून घे तुह्या हातानं."