होला वहीत नाही

मंगरूळपीरची आमची पक्षीवाली मंडळी दर रविवारी सकाळी तळ्यावर जाते. वहीत पक्षी भरतात त्याहून जास्त किस्सेच जमतात!

आमचे गुरू म्हणजे रिटायर्ड इंगोले सर. डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून पक्षी सांगायचे. होला, ते कबुतराच्या जातीचं साधं पाखरू, मात्र वहीत लिहू देत नसत. "घरोघरी हाये तो. त्याले काय मोजायचं?"

*

एकदा पुण्याचा एक अभ्यासक आमची वही चाळून गंभीर झाला. "तुमच्या भागातून होला नामशेष झाला की काय?"

त्याच वेळी त्याच्या गाडीच्या टपावर बसून एक होला घुमत होता. आमचा बबन, एसटीत कंडक्टर, म्हणाला, "हो साहेब. तो शेवटचाच हाये!"

*

आमच्या मंडळीतल्या सुनंदा सिस्टरच्या कूलरवर होल्याच्या मादीनं चार काड्या टाकून घरटं केलं. सिस्टरनं ऐन मे महिन्यात कूलर बंद ठेवला. नवरा घामाघूम.

"ती पिल्लांची माय उन्हाची तक्रार नाही करून राह्यली," सिस्टर म्हणाली, "तुमी कायले करता?"

*

मग बबननं एक रेकॉर्डिंग आणलं. हवाई बेटांवरचा गाणारा पक्षी, आता जगात एकही उरलेला नाही. शेवटचा नर मादीला साद घालतो, थांबतो, पुन्हा घालतो. उत्तर येत नाही. सिस्टरनं डोळे पुसले.

रेकॉर्डिंग संपलं. इंगोले सर म्हणाले, "लाव न बबन ते रेकॉर्डिंग. काहून थांबला?"

कुणालाच हसू आलं नाही.

*

नंतर सरांच्या घरी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हळूच सांगितलं. बारीक, उंच आवाज सरांना येईनासे झालेत, जाडे तेवढे येतात. डॉक्टरांनी कानाचं मशीन सुचवलं, तर सर उखडले. कान गेले हे एकदा मान्य केलं की तळ्यावर जाणं सुटेल, ही त्यांची भीती. आम्हाला कळलंय हे आम्ही त्यांना कळू दिलं नाही.

*

गेल्या रविवारी तळ्याकाठच्या बाभळीखाली उभे होतो. डोक्यावर शिंजीर, वटवट्या, चष्मेवाले, बारीक आवाजांचा नुसता कलकलाट! सर डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. पलीकडच्या बांधावर होला घुमला, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.

"पक्षी संपत आले रे," ते म्हणाले. "एक होलाच उरला."

कुणी बाभळीकडे पाहिलं नाही. सिस्टरनं त्यांचा हात धरला.

"हो सर. मलेबी दुसरं काहीच आयकू नाही येऊन राह्यलं."