फ्रेमच्या डावीकडे

बायकोला जाऊन आठ दिवस झाले. तेराव्याला लावायला तिचा फोटो हवा म्हणून मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली आहे आणि मी तिच्या मागे खुर्चीत. तीस वर्षं डोंगर, धुकं, तळी टिपत हिंडलो आणि दर वेळी बायको सोबत होती. स्क्रीनवरून सह्याद्री सरकतोय. नुसता सह्याद्री.

निसर्गाच्या फोटोत माणूस आलेला मला खपायचा नाही. "जरा सरक, फ्रेममध्ये येतेयस," हे मी तिला इतक्यांदा म्हटलं, की पुढे पुढे ती न सांगताच सरकायची.

मला रडू येत नाहीये. हा कडा छान आलाय, एवढंच मनात येतं.

"बाबा, आईचा एकही नाही?"

मुलगी एका फोटोवर थांबली आहे. पावसातलं तळं, पलीकडे ढगांत बुडालेला डोंगर. हाच आमच्या हॉलमध्ये मोठा करून लावलाय. येणारा-जाणारा कौतुक करतो.

"इथे आई होती?"

"होती ना. डावीकडे उभी होती, माझ्या कॅमेऱ्यावर छत्री धरून. स्वतः भिजत."

मुलगी फोटो मोठा करत डावी कड शोधते. तिथे गवत आहे, पाणी आहे. छत्रीचं टोक तेवढं आलं होतं, ते मीच नंतर कापून टाकलं.

मी चष्मा पुसून पुन्हा बघतो. तळ्यावर पाऊस नुसता कोसळतोय, आणि लेन्सवर एक थेंब नाही.