अर्ध्या वाक्याची भूक

पूल ओलांडला तेव्हा पेंटरने शिडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि मोठा सुस्कारा टाकला. बस मध्येच बंद पडली होती, दुसरी येण्याचं चिन्ह नव्हतं, म्हणून शेजारी राहणारे आम्ही दोघं बाजारातून पायीच घराकडे निघालो होतो. मी गणवेश शिवणाऱ्या दुकानात काम करते, तो दुकानांच्या पाट्या रंगवतो.

"एक टोक द्या माझ्याकडे," मी म्हटलं.

"राहू द्या ताई. शिडीचं काही नाही हो. रविवारी सासूबाई येतायत. लेकीला घेऊन जाते म्हणतात."

त्याची बायको परगावच्या दवाखान्यात नर्स आहे. बदली मिळेपर्यंत तिसरीतली लेक बापाकडेच. ती वर्गात पेंगते, एकदा तर गणिताच्या तासाला चक्क घोरली, असा शाळेतून निरोप गेला. तो बायकोकडून सासूबाईंपर्यंत पोचला आणि त्यांनी निकालच दिला : पुरुषाच्या जातीला पोर सांभाळता येत नाही.

"ती गेली तर मी घरी कशाला जाऊ? दुकानाबाहेरच झोपेन, या शिडीवर."

"कुठल्या पायरीवर?"

हसला, पण डोळे काही हसले नाहीत.

हा माणूस कामात भारी चिकट. आधी खडूने अक्षरं आखणार, मग रस्त्यापलीकडे जाऊन एक डोळा मिटून बघणार. एका हलवायाने 'शेवटची अक्षरं जरा दाबून बसवा' म्हटलं, तर याने अख्खी पाटी पुसून पुन्हा लिहिली. तेवढ्याच चिकाटीने तो लेकीला सांभाळतो. शाळेतून आल्यावर ती एकटीच लवकर जेवून घ्यायची, म्हणून निजायच्या वेळी खरंच भुकेजलेली असायची. ते ध्यानात आल्यावर याने कामाच्या वेळा बदलल्या. आता दोघं एकत्र जेवतात. अंडं असतं, पाव असतो, वर केळं. बडबड करत पोटभर जेवते पोरगी.

"आणि तरी ताई, जरा निजानीज झाली की हाक येतेच. 'बाबा, लागली.' उठतो बिचारा मी. दूध गरम करतो, उठवून बसवतो. डोळे मिटूनच पिते. पण पिऊन झालं की घुबडबाई एकदम ताज्यातवान्या! गोष्ट सांगा म्हणे. चंद्र कुठे झोपतो म्हणे. इकडे मी आडवा. एवढं जेवून पोराला भूक लागते कशी? डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले."

मग मी त्याला आदल्या रात्रीचं सांगितलं. त्याला एक पाटी दुकान बंद झाल्यावरच रंगवायची होती, म्हणून लेक माझ्याकडे झोपायला होती. तिला निजवून मी देवासमोर नाव घेत बसले. अंथरुणातून आवाज आला, "लागली." नाव घेताना मी मध्ये बोलत नाही, म्हणून हातानेच 'थांब' म्हटलं. उठून बघते तर पोरगी गाढ झोपलेली. सकाळी मी हलवेपर्यंत कूस बदलली नाही तिने.

"दूध न पिता?" पेंटर थांबलाच.

"ऐका तर. सकाळी मी विचारलं, भूक लागली होती ना गं रात्री? तर म्हणे, 'नाही, झोप लागली होती.' अगं मग मला सांगितलंस कशाला? तर म्हणे, 'बाबांनीच सांगितलंय, झोप लागली की सांग, मी दिवा बंद करतो.'"

पेंटरने शिडी रस्त्याकडेला टेकवली आणि कठड्यावर बसला.

"मी म्हटलं हो असं," तो म्हणाला. "अंधारात घाबरायची ती. म्हटलं, झोप लागली की सांग."

"झोप लागलेलं माणूस सांगणार कसं?"

"तिने सांगितलं ना पण! शहाण्या बापाचं ऐकलं पोरीने! आणि मी तिला रोज गदागदा हलवून दूध पाजतोय!" तो इतका हसला की समोरून सायकलवरून जाणाऱ्या माणसाने वळून पाहिलं. "अहो, पण ती नको का म्हणाली नाही?"

"विचारलं मी. म्हणे, बाबा एवढे उठून आणतात, नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल."

त्याने बाहीने तोंड पुसलं. घाम होता की काय, मी बघितलं नाही. मनातल्या मनात देवाला हात जोडले.

पुढे चालताना तो मोकळा बोलत होता. आजपासून दिवा आपणच घालवायचा, कुणी काही सांगायचं नाही. घराची गल्ली दिसली तसा मात्र त्याचा पाय अडखळला.

"ताई, एक काम कराल? रविवारी सासूबाईंना हे तुम्ही सांगा. मी सांगितलं तर बहाणा वाटेल, तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे. आणि अजून एक..." त्याने आवाज खाली आणला. "तिच्या जोडीला रोज मीही कपभर दूध घ्यायचो, वर बिस्किटं. आता त्या वेळेला मलाच सपाटून भूक लागते. रात्री स्वयंपाकघरात भांडं वाजलं, तर ती पोरगी नाही, जावई आहे, एवढंही सांगून ठेवा. माझ्या तोंडून नाही निघायचं."