टेकूवाल्याचा खांदा

सेंगलियात येऊन विस्टिन सलिबाचं घर विचाराल, तर दहातले नऊ जण नकारार्थी मान हलवतील. टेकूवाल्याचं घर विचारा, शेंबडं पोरसुद्धा हाताला धरून दारात नेऊन उभं करील. माल्टात माणसाला आडनावापेक्षा घराण्याचं टोपणनाव जास्त चिकटतं, आणि हे टोपणनाव विस्टिनच्या आज्यापासून चालत आलेलं. जहाजांना टेकू देणारा तो टेकूवाला. आजा गेला, बाप गेला, इंग्रजांचं आरमार गेलं, पण गोदी राहिली आणि टेकूवालेही राहिले.

जहाज पाण्यावर कुणीही तरंगवतं, त्यात माणसाची काय करामत? जहाज जमिनीवर बसवायचं असेल तर विस्टिन लागतो. सुक्या गोदीत जहाज घेऊन दार लावतात आणि पाणी उपसतात. पण त्याआधी गोदीच्या तळाशी छातीइतक्या उंच ठोकळ्यांच्या रांगा मांडून ठेवाव्या लागतात, खाली काँक्रीट आणि वर लाकूड. पाणी उतरलं की हजारो टनांचा तो डोलारा त्या ठोकळ्यांवर येऊन बसतो. ठोकळा बोटभर चुकला तर जहाजाचं बूड चेपतं, चार चुकले तर काय होतं ते विस्टिनला ठाऊक नव्हतं, कारण त्याच्या हातून कधी चुकलेच नव्हते. एकेचाळीस वर्षांत त्याच्या ठोकळ्यांवरचं एकही जहाज कललं नव्हतं. हे तो न विचारता सांगायचा, आणि खाडीपलीकडच्या बोर्म्लात तर मुद्दाम जाऊन सांगायचा, कारण ते ऐकून बोर्म्लावाल्यांच्या पोटात दुखायचं.

त्याचा दुसरा अभिमान होता त्याचा डावा खांदा. आठ सप्टेंबरला बाळ मारियेचा सण असतो. संध्याकाळी तिची मूर्ती देवळातून निघते आणि आठ जण तिला खांद्यावर घेऊन सगळं गाव फिरवतात. डाव्या दांडीचा पुढचा खांदा आज्यापासून टेकूवाल्यांचा. सणाच्या मंडळाचा नियम मात्र कडक, त्रेसष्ट पूर्ण झाली की खांदा सोडायचा. विस्टिनची त्रेसष्ट नोव्हेंबरात भरणार होती. मूलबाळ नव्हतं, म्हणजे ही शेवटची खेप आणि त्यानंतर ती जागा दुसऱ्या घराण्याची. बायकोने, जेम्माने, त्याचा पांढरा झगा महिनाभर आधीच धुऊन, खळ घालून, इस्त्री करून दाराच्या मागे टांगून ठेवला होता. येताजाता तो त्याला हात लावून बघायचा.

आणि नेमकी सात तारखेला सकाळी 'लेडी हॉर्टेन्सिया' आली.

नऊशे उतारूंचं सहलीचं जहाज. मेसिनाहून निघाल्यावर जहाज ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याच्या दांड्यातून तेल गळायला लागलं होतं. तेल गाळत समुद्रात फिरायची सोय नसते, त्यामुळे कप्तानाने जवळचं बंदर गाठलं. उतारूंना सामानासकट उतरवून खाडीपलीकडच्या हॉटेलांमध्ये पाठवलं. जहाज लवकरात लवकर सुक्या गोदीत घ्यायचं ठरलं, आणि लवकरात लवकर म्हणजे दुसऱ्याच दिवशी, आठ तारखेला.

गोदीचा नवा अधिकारी क्लेटन, जेमतेम तिशीचा, स्वतः चालत टेकूवाल्याच्या दारात आला. बराच वेळ टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"मिस्त्री, उद्या सण आहे ते मला माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे ना? मग दारात का उभा आहेस मेल्या, आत ये. नकाशा आणलायस का?"

नकाशा आणलेला होता. जेम्माने दोघांपुढे चहाचे पेले ठेवले आणि नवऱ्याला एवढंच विचारलं, की संध्याकाळपर्यंत मोकळा होशील का. विस्टिन म्हणाला, सकाळी आठला जहाज आत, एकला गोदी कोरडी, तीनला मी घरी. एकेचाळीस वर्षांत तीनला येतो म्हणून गेलेला हा माणूस तीनला कधीच आला नव्हता.

दिवसभर माणसं लावून त्याने एकशे बहात्तर ठोकळे मांडले आणि प्रत्येकावर खडूने आपली खूण केली. गोदीत पाणी सोडलं. आठ तारखेला सकाळी जहाज ठरल्या वेळी आत आलं, दार लागलं, पंप सुरू झाले. सगळं अगदी देवाच्या घरच्यासारखं चाललं होतं.

आता चूक कुठे झाली ती ऐका, कारण अशी चूक आमच्याखेरीज जगात कुणी करणार नाही. सणाच्या सकाळी बँडची मिरवणूक निघते आणि गच्च्यांमधून तिच्यावर कातरलेल्या कागदाचा पाऊस पडतो. बायका वर्षभर कागद कातरत बसतात, पोत्यांनी. एकट्या जेम्माचीच तीन पोती होती, त्यात जुन्या टेलिफोनच्या वह्या होत्या आणि नवऱ्याचे नामंजूर झालेले रजेचे अर्जही होते. विस्टिनची गल्ली गोदीच्या अगदी डोक्यावर. सणाच्या दिवशी गोदी नेहमी बंद असायची, तेव्हा कागद उडून कुठे पडतो याची फिकीर कुणी कधी केलीच नव्हती. विस्टिननेही केली नाही. दहाच्या सुमाराला बँड गल्लीत शिरला, बायकांनी पोती उलटी केली, वायव्येचा वारा सुटला आणि गोदीतलं पाणी पांढरंशुभ्र झालं.

अर्ध्या तासात पंपांच्या जाळ्या तुंबल्या.

तुंबायची वेळही अशी, की जहाजाची मागची बाजू नुकती ठोकळ्यांना टेकली होती आणि पुढची अजून तरंगत होती. सुक्या गोदीत यापेक्षा वाईट क्षण नसतो. अशा वेळी जहाजाला धड पाण्याचा आधार नसतो आणि धड जमिनीचाही.

"मिस्त्री, पंप ओढत नाहीत." क्लेटनचा चेहरा त्या कागदाच्या रंगाचा झाला होता. "पाणी परत आत सोडू का?"

"काही सोडू नकोस. दोर ताणून धरा. जहाजावरच्या एकानेही जागचं हलायचं नाही. शिंक आली तरी विचारून द्यायची."

मग त्याने धक्क्यावरच्या कोळ्यांकडून लांपुकी मासे धरायची जाळी मागवली आणि दोन होड्या गोदीत उतरवल्या. पहिल्या होडीत तो स्वतः बसला. अडीच तास टेकूवाला आपल्याच बायकोने कातरलेला कागद जाळ्याने गोळा करत होता. वरून जेम्मा बघत होती, खालून तो तिच्याकडे बघत होता, आणि दोघांनाही हसू येत होतं ते दोघांनी दाबलं. एकदा जाळ्यात त्याला आपल्याच सहीचा तुकडा सापडला. तो त्याने खिशात टाकला.

दुपारी पंप पुन्हा चालू झाले. बंदरात होड्यांच्या शर्यती झाल्या. कोण जिंकलं ते विस्टिनला नुसत्या आरोळ्यांवरून कळलं, आणि बोर्म्ला हरल्याचंही कळलं, तेवढाच विरंगुळा. जहाज शांतपणे खाली बसलं, केसभरही कललं नाही. पण गोदी कोरडी व्हायला साडेपाच वाजले. मूर्ती सहाला निघणार होती.

कारागीर जहाजाखाली शिरण्याआधी प्रत्येक ठोकळा हातोडीने ठोकून बघायचा असतो. घट्ट बसलेला ठोकळा जाड आवाज देतो, ढिला असेल तर पोकळ वाजतो. सगळे तपासले की टेकूवाल्याने कागदावर सही करायची, मग बाकीच्यांनी आत जायचं. तेलाच्या गळतीवर काम करणारे कारागीर हत्यारं घेऊन उभेच होते. क्लेटनने घड्याळ बघितलं.

"मिस्त्री, सही करा नि पळा. तुमचेच ठोकळे आहेत, कोण विचारणार?"

"माझे आहेत म्हणूनच."

"मग उद्या सकाळी तपासा. एक रात्र उशीर होईल, एवढंच."

विस्टिनने वर बोट दाखवलं. "त्यांना विचार जाऊन."

वर तटावर जहाजाचे उतारू उभे होते. कंपनीने त्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून बसमध्ये घालून सण बघायला पाठवलं होतं, आणि ते सण सोडून तटाच्या कठड्याला लागून आपलं जहाज बघत होते. दोन दिवस त्यांनी हॉटेलात नुसता धिंगाणा घातला होता. कुणाच्या लग्नाचा वाढदिवस हुकला होता, कुणाची औषधं जहाजावर राहिली होती, कुणी पैसे परत म्हणून पाट्या लिहिल्या होत्या. त्यांचं चूक होतं असं कोण म्हणेल? पण आता पाट्या खाली आल्या होत्या. ज्या जहाजावर ते रोज रात्री नटूनथटून जेवायला बसत होते, त्याचं लाल, शेवाळलेलं, शिंपल्यांनी भरलेलं बूड त्यांच्यासमोर उघडं पडलं होतं. एखादा रुबाबदार पाहुणा अचानक न्हाणीघरात दिसावा, तसं त्यांचं झालं होतं. आणि त्या अजस्र बुडाखाली एक म्हातारा हातोडी घेऊन एकटा फिरत होता.

त्यांच्यातला सगळ्यात बोलका होता हॉलंडचा कोर्नेलिस, निवृत्त, दांडगा, पाट्या लिहिणारा तोच. त्याने शेजारी उभ्या असलेल्या जेम्माला विचारलं, की नऊशे माणसं खोळंबली आहेत आणि खाली एकच माणूस काम करतोय, असं कसं? जेम्माचं इंग्रजी गोदीतलं, म्हणजे पक्कं. ती म्हणाली, "जरा थांबा. तुम्हाला दाखवते."

सव्वासहा वाजता बँडमागून मूर्ती तटावर आली. आठांच्या जागी सात जण होते. डाव्या दांडीचा पुढचा खांदा रिकामा होता. मागच्याने, लोरेन्झूने, दोन माणसांचं वजन एकट्याने पेललं होतं आणि त्याची मान लालबुंद झाली होती. गोदीच्या बरोबर वर आल्यावर त्यांनी दांड्यांखाली टोकाला बेचकं असलेल्या काठ्या लावून मूर्ती टेकवली. हा थांबा दरवर्षीचाच, मूर्तीचं तोंड बंदराकडे करतात आणि एक धून वाजवतात. धून संपली. पाद्रीबाबांनी उचला म्हणून हात केला. कुणीही उचललं नाही.

पाद्रीबाबा लोरेन्झूजवळ गेले. लोरेन्झू घाम पुसत म्हणाला, "फादर, ती जागा अजून नोव्हेंबरपर्यंत त्याची आहे."

"अरे पण तो आहे कुठे?"

"खाली. काम करतोय."

पाद्रीबाबांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. मग सरळ झाले आणि बँडला म्हणाले की तीच धून पुन्हा वाजवा.

"ती रिकामी जागा बघितलीत?" जेम्मा कोर्नेलिसला म्हणाली. "ती माझ्या नवऱ्याची. तीन पिढ्यांची. आज शेवटचा दिवस. आणि माझा नवरा तुमच्या जहाजाखाली आहे."

कोर्नेलिसने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, त्यांच्याऐवजी मी खांदा दिला तर चालेल का, मी धट्टाकट्टा आहे. त्याने मनापासून विचारलं होतं, म्हणून जेम्मा रागावली नाही. म्हणाली, "तुम्ही थांबा. तेवढं केलंत तरी पुष्कळ." त्याने मागे वळून आपल्या लोकांना सगळं सांगितलं, आणि दोन दिवस ज्यांना एक मिनिट थांबवत नव्हतं ते उतारू कठड्याला टेकून निमूट थांबले.

खाली विस्टिनला तीच धून तिसऱ्यांदा ऐकू आली आणि त्याला काय ते समजलं. त्याने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय पळायला लागले असते, आणि अजून बावीस ठोकळे बाकी होते. तो ठोकत गेला, ऐकत गेला. एकशे अडुसष्टावा पोकळ वाजला.

क्लेटनने डोळे मिटले. विस्टिन गुडघ्यावर बसला. लाकूड आणि जहाजाच्या मध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट होती. त्याने पाचरी मागवल्या आणि एक एक करून ठोकल्या, घाई न करता, शेवटी जाड आवाज येईपर्यंत. वीस मिनिटं गेली. मग उरलेले चार तपासले, कागद घेतला आणि नेहमीसारखी टेकूवाल्याची ठसठशीत सही केली.

"जा रे आत," तो कारागिरांना म्हणाला. "बिनधास्त जा."

गोदीच्या पायऱ्या चौऱ्याऐंशी. तो वर आला तेव्हा अंगाला शेवाळाचा वास, गुडघ्यांवर गंज आणि केसांत कातरलेला कागद. जेम्माने तो इस्त्रीचा झगा त्याच्या मळक्या कपड्यांवरून तसाच घातला, खळ कडकडली. केसांतला कागद तिने राहू दिला. उतारूंनी बाजूला होऊन वाट केली, आणि कोर्नेलिसने डोक्यावरची टोपी काढली.

विस्टिन दांडीखाली उभा राहिला. त्याने खांदा लावल्यावर लोरेन्झूने त्याच्या जागची काठी काढून घेतली.

"किती वेळ लावलास?" लोरेन्झू मागून कुजबुजला.

"एकशे बहात्तर होते," टेकूवाला म्हणाला. "उचला."