कोपऱ्यापासूनचं रडणं

परवा नवी पेठेत एक बाई रडणाऱ्या पोरीला "ड्रामा बंद कर" म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं. शाळेत गॅदरिंगला आम्ही ड्रामा बसवायचो, तेव्हा हा शब्द मला फार आवडायचा. वडील गेले त्या सकाळी काकांनी तो नासवला. आमच्याकडं भावाच्या मातीला बहीण येते ती गल्लीच्या कोपऱ्यापासूनच हंबरडा फोडत येते. मंद्रूपच्या एसटीतून उतरून आत्याही तशीच आली. "दादा रं, माजं माहेर बुडालं रं!" दारात उदबत्तीचा धूर कोंडला होता आणि खुर्च्यांवर काकांच्या ऑफिसातले साहेब बसले होते. काका दातओठ खात तिला म्हणाले, "अक्का, ड्रामा बंद कर. माणसं बसल्यात." आत्या थबकली. "ड्रामा? आरं, तुजा बी भाऊ हुता की त्यो!" एवढंच बोलली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून भिंतीला टेकून बसली. पुढं नगरसेवक आले, तेव्हा याच काकांनी त्यांच्या गळ्यात पडून गळा काढला, मोबाईलवर फोटो निघेपर्यंत. नंतर डोळे पुसायची गरजसुद्धा पडली नाही त्यांना! त्याला मात्र कुणी ड्रामा म्हटलं नाही. गेल्या महिन्यात काका गेले. मी दारात उभी होते. मंद्रूपहून आलेली आत्या कोपऱ्यावर वळली, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि घरापर्यंत मुकाट चालत आली. काकांना हवं होतं, अगदी तसंच.